फाइल क्रमांक एकशे सत्तेचाळीस

सेमाडोहच्या अलीकडे, सागाच्या पानगळीत
गाडी उभी आहे अठरा दिवस.
पूर्वी रुग्णवाहिका होती. आता तिच्यात एक पलंग, एक शेगडी,
पिंगळ्यांच्या नोंदींची चार रजिस्टरं,
आणि पलंगाखाली बुटांच्या खोक्याएवढा बर्नर.
तो डिझेल जाळतो, पाणी तापवतो,
पाणी भिंतींच्या आतून फिरत राहतं
रात्रपाळीच्या वॉचमनसारखं.

हे सगळं सांभाळतो दाराजवळचा कंट्रोलर,
तळहाताएवढा. पहाटे चारला त्याने
त्रिकोण दाखवला, त्रिकोणात तीन.
बाहेर चार अंश. आत सहा.
बटण दाबलं. पंखा घरघरला, थोडा थांबला, विझला.
पुन्हा.
पुन्हा.
मग बटणाने ओळख द्यायचंच सोडलं.

रेंज फक्त टाकीमागच्या मुरमाच्या ढिगावर.
शाल डोक्यावरून घेऊन चढले.
परतवाड्यात बेबीनंदा भुस्कडे
दुसऱ्या घंटीला उठली.
मोटारींचं वायंडिंग करते ती. हा हीटर तिने
जन्मात एकदाच पाहिलेला, माझ्याच गाडीत, बसवताना.
"तीनदा दाबलं ना? मंग आता ते कुलूप लावून बसलं.
फ्यूज काढ. दोनशे मोज. घाईनं मोजू नको.
अन् बॅटरी पाय आधी. साडेअकराच्या खाली असन
तं त्याच्यावर कायले चिडतं? उपाशी हाय ते."

अकरा पॉइंट चार.
इंजिन सुरू करावं, तर अर्ध्या कोसाचं रान गप्प होईल,
आणि मी इथे गप्प रानासाठी आलेली नाही.
दिवा बंद केला, फ्रिज बंद केला, लॅपटॉपची पिन उपटली.
अंधारात आकडा सरकला: पाच. पाच. सहा.
फ्यूज काढून मोजायला लागले.
एकशे चाळीसला बोटं बधिर झाली
आणि मी पुन्हा एकपासून सुरुवात केली, उगाच.

बर्नर पेटला. पलंगाखाली धगधग,
भिंती मात्र गारच.
पुन्हा ढीग. "पेटलं, पण पोचत नाही."
"पाइपाले कान लाव. काय म्हंते?"
काय सांगू? कान लावणं हेच माझं काम,
अकरा वर्षं त्याचाच पगार खाते,
आणि पाइपाची भाषा मला येत नाही.
"मंग आवाज भरून आन ना. मशीन हाय न तुह्याजोळ."

म्हणून पिंगळ्यासाठी आणलेला माइक
मी पाइपाशेजारी ठेवला. वायरीपुरती खिडकी उघडी.
फाइल एकशे सत्तेचाळीस, वेळ पाच अठ्ठावीस,
दोन मिनिटं नऊ सेकंद.
ढिगावर जाऊन फोनच्या तोंडाशी धरली.

ती ऐकत होती. तिच्याकडे नळ आला असावा,
गुंड वाजला.
"हवा हाय. पंपाच्या वर जे वाकन हाय न, तिथं बसली.
पितळी तोटी अर्धा आटा ढिली कर.
फुसफुस संपली का आवळ लगेच, पानी वाया घालू नको."
मग थांबली.
"अन् मांगून हे कोन बोलून रायलं?"

पुन्हा लावली. कानात दाबून.
गुरगुर, गुरगुर, आणि तिच्या पार मागे
सागाच्या कुठल्याशा शेंड्यावरून
दोन आखूड तुकडे, वर चढून तुटलेले.
अठरा दिवसांत पहिल्यांदा.

"पक्षी आहे," म्हटलं. "तोच."
"असं काय," ती म्हणाली. "मले वाटलं बेअरिंग."

तोटी ढिली केली. हिरवं पाणी बोटांवर आलं,
गोडसर वासाचं, आधी गार, मग कोमट.
आवळली. उशाकडची भिंत आधी तापली,
तिच्यावर मी माझे ओले मोजे लावले.

रजिस्टरमध्ये लिहिलं: वनपिंगळा, एक. हाक दोनदा.
दिसला नाही.
शेऱ्याच्या रकान्यात: पार्श्वभूमीला पाइपातली हवा.

उजाडल्यावर बटण बंद केलं.
पंखा फिरतच राहिला. बर्नर निवेपर्यंत
मेन स्विचला हात लावायचा नाही,
बेबीनंदाने बसवतानाच बजावलेलं.
दारात बसून राहिले, चहाही ठेवला नाही.
चार मिनिटं दहा सेकंद.
तेही मोजलं.